कंपनीच्या कामासाठी फिरताना रस्त्यावर अपघात झाला, तर तो सरकारदरबारी कळवावाच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या कामासाठी दुचाकीवरून ग्राहकाकडे जाताना मागून गाडीने धडक दिली, मनगटाला फ्रॅक्चर झालं, आणि एचआरचं म्हणणं असं की 'अपघात रस्त्यावर झालाय, कंपनीत नाही, त्यामुळे कुठेही कळवायची गरज नाही.' यातला थोडा भाग खरा आहे, आणि त्या थोड्या खऱ्याच्या आधारावर लोकांचा हक्क बुडतो. भरपाईच्या दाव्यांची कागदपत्रं तयार करण्याचं काम मी करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खरं काय ते. कारखाने कायदा १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे कारखान्यात अपघात होऊन मृत्यू झाला, किंवा जखमी माणूस ४८ तास वा जास्त वेळ काम करू शकला नाही, तर व्यवस्थापनाला नोटीस पाठवावी लागायची. त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतही, कलम १० मध्ये, आस्थापनेतल्या ठिकाणी झालेल्या अपघाताबद्दलच बोललंय. सार्वजनिक रस्ता सहसा त्यात बसत नाही. तेव्हा कारखाना निरीक्षकापुरतं तुमचं एचआर बहुधा बरोबर आहे.

पण 'कुठेही' हा शब्द साफ चुकीचा आहे.

पहिलं ठिकाण पोलीस ठाणं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि जागेवर पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात कळवायचं. विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यायची. तुम्ही कामासाठी चालला होता की फिरायला, याच्याशी या कलमाला काही देणंघेणं नाही. ही जबाबदारी ज्याने धडक दिली त्याच्यावर तर आहेच, पण तो कळवेल या भरवशावर राहू नका. हॉस्पिटलने एमएलसी (पोलिसांना कळवायच्या दुखापतीची नोंद) केली असेल तर तिचा नंबर घेऊन ठेवा. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला म्हणून तक्रार नाकारता येत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घेण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.

दुसरं ठिकाण ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. तुमचा पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल आणि ईएसआय कापली जात असेल, तर कामाच्या ओघात झालेल्या अपघाताचा अहवाल मालकाने नमुना १२ मध्ये द्यायचा असतो. दुखापत गंभीर असेल तर ताबडतोब, नाहीतर कळल्यापासून २४ तासांत. अपघात कंपनीच्या आवाराबाहेर झाला म्हणून हे टळत नाही. तुम्ही ग्राहकाकडे कंपनीच्याच सांगण्यावरून निघाला होता, म्हणजे तुम्ही कामावरच होता. अपघात नोकरीतला ठरला तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात पगाराच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. साध्या आजारपणात मोजला गेला तर त्याहून बराच कमी. एका कागदावर एवढा फरक पडतो, म्हणून मला त्या 'गरज नाही'चा राग येतो.

ईएसआय नसेल तर कर्मचारी भरपाईचा मार्ग आहे. जुना १९२३ चा कायदा, आता त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. दाव्याची मुदत साधारण दोन वर्षं, पण मालकाला अपघाताची सूचना लवकरात लवकर द्यायची असते.

घरून थेट कामावर जाताना झालेल्या अपघाताबद्दल पूर्वी फार वाद होत. पहाटे ३ च्या पाळीसाठी निघालेला साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ मध्ये, कारखाना सुमारे ५ किलोमीटरवर असताना, अपघातात गेला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला: वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला, तर घर ते कामाच्या जागेचा प्रवासही नोकरीच्या ओघातला. तो संबंध दाखवायला कुटुंबाची बावीस वर्षं गेली.

म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पोलिसांना जबाब देताना नुसतं 'दुचाकीवरून जात असताना' असं लिहू देऊ नका. 'अमुक कंपनीच्या कामासाठी, अमुक ग्राहकाकडे, अमुक वाजता जात असताना' असं लिहून घ्या, आणि सही करण्याआधी वाचा. मी पाहिलेल्या फायलींमध्ये पंचनामा, एफआयआर, डिस्चार्ज कार्ड सगळं असतं. माणूस कामावर होता एवढंच कुठे नसतं. मग विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. त्या दिवशीचा वरिष्ठांचा व्हॉट्सॲप मेसेज, भेटीचं ईमेल, हजेरीच्या ॲपमधली नोंद, पेट्रोलची पावती, जे असेल ते आजच बाजूला काढून ठेवा. कंपनीचा नंबर किंवा ईमेल बंद झाला की हे परत मिळत नाही.

दुसऱ्या वाहनाच्या विम्याकडून भरपाई हवी असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्जासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, ती धरूनच चाला. हा दावा आणि मालकाविरुद्धचा कर्मचारी भरपाईचा दावा, दोन्ही एकदम घेता येत नाहीत. कुठला घ्यायचा हे वकिलाला कागद दाखवून ठरवा.

एचआरला आजच ईमेल करा: अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, कुणाच्या सांगण्यावरून कुठे निघाला होता, काय दुखापत झाली. तोंडी सूचनाही ईएसआयच्या नियमांत चालते, पण ती दिली हे नंतर सिद्ध करणं अवघड जातं. ईएसआय असूनही नमुना १२ भरायला त्यांनी टाळाटाळ केली, तर त्या ईमेलची प्रत, एमएलसी आणि एक्स-रे घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः जा, अर्ज द्या आणि पोच घ्या.