गाड्यांच्या ब्रॉडकास्टचं मॉडेल: आधी हिडन नोड मोजा

गाड्यांनी ब्रॉडकास्ट केलेले, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांसाठी सोडलेले, संदेश किती पोहोचतात हे मोजताना बियांकीचं मार्कोव्ह मॉडेल (वाय-फायमधल्या टकरींचं गणित) जसंच्या तसं उचलू नका. ८०२.११पी (गाड्यांसाठीचं वाय-फाय मानक) मध्ये ब्रॉडकास्टला पोचपावती नसते, म्हणून टक्कर कळत नाही, संदेश पुन्हा जात नाही आणि कंटेन्शन विंडो (पाठवण्याआधी रँडम थांबण्याची मर्यादा) दुप्पट होत नाही. सेकंदाला १० संदेश पाठवणारी गाडी सॅच्युरेटेडही नसते, म्हणजे तिच्याकडे कायम पाठवायला संदेश तयार नसतो. ते मॉडेल मात्र हे सगळं धरून चालतं.

खरा घोळ हिडन नोडचा: पाठवणाऱ्या गाडीला ऐकू न येणारी, पण घेणाऱ्या गाडीला ऐकू येणारी तिसरी गाडी. ऐकण्याची आणि पोहोचण्याची कक्षा सारखीच धरा. सरळ रस्त्यावर २०० मीटरवरच्या गाडीसाठी हिडन पट्टाही २०० मीटरचाच. दर १० मीटरला गाडी असेल तर २० नोड. ३०० बाइटचा संदेश ६ एमबीपीएसने पाठवायला प्रिअँबलसह (सुरुवातीचा ओळख-सिग्नल) सुमारे ४४० मायक्रोसेकंद. धोक्याचा काळ, म्हणजे ज्यात हिडन नोडने पाठवायला सुरुवात केली तर टक्कर होते तो, त्याच्या दुप्पट. २०×१०×०.०००८८ = ०.१७६, म्हणजे संदेश टकरीतून बचावण्याची शक्यता e^(−०.१७६), साधारण ०.८४. फेडिंग (सिग्नलचं कमीजास्त होणं) अजून धरलेलंच नाही!

सिम्युलेशनशी ताडताना प्रत्येक गाडीचा पहिला संदेश ०.१ सेकंदात रँडम क्षणी सोडा. सगळ्या एकदम सुरू केल्यात तर दर फेरीला त्याच गाड्या भिडतात आणि आकडे जुळत नाहीत.