खूप आजारी कुत्र्याला निरोप द्यायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कुत्री १२ वर्षांची, दोन्ही किडन्या निकामी होत चालल्यात. सलाईन लावलं की दोन-तीन दिवस बरी असते, मग पुन्हा खाणं सोडते. डॉक्टर म्हणतात "तुम्ही ठरवा". मुलगा म्हणतो "अजून शेपूट हलवते ना, मग कसं काय?" आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की वेळ आली की ती स्वतःच नजरेने सांगेल.

त्या नजरेची वाट बघत बसू नका, हे आधीच सांगून टाकते. मी दोन कुत्र्यांना इंजेक्शन देऊन निरोप दिलाय. एकीने सांगितलं असं ओढूनताणून म्हणता येईल. दुसऱ्याने मुळीच नाही. तो शेवटच्या सकाळीही माझी चप्पल तोंडात धरून दारात उभा होता, आणि आदल्या रात्री त्याला धड आडवंही होता आलं नव्हतं. आपण जाणार आहोत हे कुत्र्याला कुठून ठाऊक असणार? मळमळतंय, दुखतंय, दम लागतोय, एवढंच त्याला कळतं. नजर वाचतो ते आपण, आणि जे वाचायची आपली तयारी असते तेवढंच वाचतो.

दुसरं म्हणजे, एकच एक अचूक क्षण कुठेतरी ठरलेला आहे आणि तो हुकला तर आपण चुकलो, ही कल्पना डोक्यातून काढा. क्षण नसतो, काळ असतो. चांगल्या दिवसांचा भरवसा संपला की तो सुरू होतो आणि तिची हालत आपल्या हाताबाहेर गेली की संपतो. मधला कुठलाही दिवस निवडलात तरी तो बरोबरच. प्रश्न एवढाच की हा काळ किती लांब आहे, आणि ते आजारावर अवलंबून असतं.

म्हणूनच डॉक्टरांना "वेळ झाली का?" असं विचारून फारसा उपयोग होत नाही. बरेच डॉक्टर ते स्वतःच्या तोंडाने बोलायचं टाळतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. त्याऐवजी विचारा, "यापुढे काहीच केलं नाही तर हिचा शेवट कसा होईल? किती दिवस लागतील? त्यात तिला काय काय होईल?" हा वैद्यकीय प्रश्न आहे, त्याचं उत्तर त्यांच्याकडे असतं. मला तर वाटतं, सगळा निर्णय या एका उत्तरावर उभा राहतो. आजार बरा होण्यातला नसेल तर ती जाणार हे ठरलेलंच आहे. तुमच्या हातात उरतं ते कसं जाणार, एवढंच.

आजारागणिक हे उत्तर किती बदलतं बघा. प्लीहेवर रक्तवाहिन्यांचा कॅन्सर असेल तर कुत्रा आज हुंदडतो आणि उद्या गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, उभं राहता येत नाही. तिथे निर्णयाचा काळ जवळजवळ नसतोच, बरा दिसत असतानाच ठरवावं लागतं. हृदय निकामी होत असेल तर औषधांवर महिनोन्‌महिने छान जाऊ शकतात, पण एका रात्री फुफ्फुसांत पाणी भरतं आणि तो श्वासासाठी धडपडतो. अशा कुत्र्यांचा झोपेतला श्वास मोजत राहावा. छाती वर जाऊन खाली आली की एक. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक, सतत त्याच्या वर राहू लागला तर लगेच डॉक्टरांना फोन. याउलट सांधे झिजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा हा काळ खूप लांब आणि उतार इतका सौम्य, की आज आणि काल यांत फरकच दिसत नाही. तिथे माणसं उशीर करतात ते निष्ठुर म्हणून नव्हे, रोज बघतात म्हणून.

किडनीचा आजार या सगळ्यांच्या मधला. "झोपेतच जाईल बिचारी" अशी आशा सगळ्यांनाच असते, पण किडनीच्या दुखण्यात तसं क्वचितच होतं. रक्तातली घाण बाहेर पडत नाही, म्हणून सतत मळमळ होते, उलट्या होतात, तोंडात फोड येतात, श्वासाला उग्र वास येतो, वजन उतरतं, शेवटी शेवटी झटकेही येऊ शकतात. आणि हे एका रात्रीत होत नाही, कित्येक दिवस रेंगाळतं. मळमळीचं एक चिन्ह मुद्दाम बघा. ताट पुढे ठेवलं की ती येते का? येऊन नाक लावते, मग जीभ ओठांवरून फिरवते, एकदोनदा नुसताच आवंढा गिळते आणि मान वळवून निघून जाते, असं होतं का? घरातले म्हणतात "नखरे करते", "हिला आता हे आवडत नाही". नखरे नव्हेत हो ते. भूक आहे म्हणून ती येते आणि मळमळ आहे म्हणून परत जाते.

पण याच कारणासाठी निर्णयाआधी एक गोष्ट नक्की करून घ्या. मळमळीवर आणि दुखण्यावर खरोखर पुरेसे उपचार झालेत का, हे विचारा. उलटीसाठी मॅरोपिटंट, भूक लागावी म्हणून मिर्टाझापीन, घरच्या घरी कातडीखाली द्यायचं सलाईन, असे पर्याय असतात, आणि काही कुत्री त्यावर पुन्हा व्यवस्थित खायला लागतात. मात्र प्रयत्नाला तारीख लावा. "आठवडाभर हे सगळं करू, पुढच्या रविवारी बसून बोलू." तारीख नसलेला प्रयत्न कधी संपतच नाही. आणि आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या तिला चुकूनही देऊ नका. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. आयब्युप्रोफेनसारखी औषधं तर आधीच अधू असलेल्या किडन्यांना आणखी खाली नेतात.

आता मुलाच्या शेपटीच्या मुद्द्याकडे येते. मुलगा खोटं बोलत नाहीये, शेपूट हलतेच. माणसावरची माया दुखण्याने जात नाही, म्हणून ती तुम्हाला बघून शेपूट हलवणारच. त्यावरून तिला त्रास नाही असं मात्र ठरत नाही. जुनाट दुखणं असलेला कुत्रा सहसा विव्हळत नाही. तो धापा टाकतो, रात्री उगाच येरझाऱ्या घालतो, बसतो आणि लगेच उठतो, एखादी जागा चाटत राहतो, कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जाऊन पडतो, उचलायला गेलं की अंग आखडून घेतो. मुलाला सांगा, कुणी समोर नसताना ती कशी असते ते बघ. दुसऱ्या खोलीत बसून तासभर लक्ष ठेवलं तरी पुष्कळ कळतं. आणि फोनमध्ये सहा महिन्यांपूर्वीचा तिचा एखादा व्हिडिओ असेल तर तो दोघांनी मिळून बघा. आमच्या कुत्र्याचा तसा व्हिडिओ मी बघितल्यावर आमच्या घरात जे महिनाभर वाद चालले होते ते आपोआप थांबले.

मोजमाप हवं असेल तर अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञ पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली एक पट्टी आहे. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे. ७० पैकी ३५ च्या वर असतील तर तिचं जगणं अजून बरं चाललंय असं मानतात. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण देऊन मग कागद शेजारी शेजारी ठेवले तर बोलणं सोपं होतं, एवढा तिचा उपयोग मला नक्की पटतो. बेरजेवर मात्र माझा फार विश्वास नाही. श्वासच घेता येत नसेल तर बाकी सहाला पैकीच्या पैकी देऊन काय उपयोग? व्हिलालोबोस स्वतःही श्वासाचा त्रास वेदनेतच धरतात आणि वेदनेला यादीत पहिली जागा देतात.

मला त्यापेक्षा हे जमलं: आम्ही आधीच, आमचा कुत्रा बऱ्यापैकी असताना, एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर. स्वतःच्या शू-शीतून त्याला उठता आलं नाही तर. रात्री दुखण्याने झोप लागेनाशी झाली तर. यातलं काहीही झालं की डॉक्टरांना फोन करायचा, नव्याने चर्चा करायची नाही. तुमच्या ओळी वेगळ्या असतील. पण त्या आजच लिहा, कारण प्रत्यक्षात ती वेळ आली की माणूस रेषा पुढे सरकवत राहतो. कालपर्यंत जे चालणार नव्हतं ते आज "एवढं काही नाही" होतं.

आणखी एक बाब, जी लोक बोलायला लाजतात. तुमची झोप, तुमची कंबर, तुमच्या खिशातले पैसे हेही या हिशोबात येतात. रात्रीतून चार वेळा उठून तिला उचलून बाहेर नेणारं माणूस थकतं, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. उधारी काढून पंधरा दिवस वाढवायचे आणि ते पंधराही दिवस तिने सुया टोचून घेण्यात काढायचे, याला मी प्रेम म्हणणार नाही. कुणी म्हणेल, जीव घेणारे आपण कोण? त्यांना विचारा, सलाईन लावून तो लांबवणारे तरी आपणच ना? निसर्गावर सोडायचं तर ते आपण कधीच सोडलेलं नाही.

प्रत्यक्ष काय होतं याचीही भीती असते, तेही सांगते. पुढच्या पायाच्या शिरेत बारीक सुई बसवतात. आधी झोपेचं इंजेक्शन देतात, पाचदहा मिनिटांत ती गाढ पेंगते. देणार आहेत ना, हे आधी विचारून घ्या आणि तसा आग्रह धरा. मग भूल देण्याचंच औषध, बहुतेक ठिकाणी पेंटोबार्बिटल, फार मोठ्या मात्रेत शिरेतून देतात. काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. एकूण एकदोन मिनिटं. माझा हात त्याच्या बरगड्यांवर होता, श्वास कधी थांबला ते मला नेमकं सांगता येणार नाही इतकं ते सावकाश झालं. डोळे उघडेच राहतात, ते मिटत नाहीत. शू होऊ शकते, म्हणून खाली जुनी चादर घ्या. आणि सगळं संपल्यावर एखाददोनदा छाती उसासा टाकल्यासारखी हलते किंवा पायाचा स्नायू फुरफुरतो. ते आधी माहीत नसेल तर काळजाचा ठोका चुकतो. तेव्हा ती शुद्धीवर नसते, तिला काही जाणवत नसतं. मुलाला तिथे थांबायचं असेल तर हे आधी नीट सांगा. थांबायचं नसेल तर जबरदस्ती नको, फक्त तिच्या ओळखीचं एक तरी माणूस तिच्या डोक्याशी असू द्या.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुमच्या निर्णयाचा काळ सुरू झालेला आहे. सलाईनचा परिणाम आधी किती दिवस टिकायचा आणि आता किती टिकतो, हे जुन्या कागदांवरून काढा. अंतर कमी कमी होत असेल तर ते कुठे चाललंय हे तुम्हालाही दिसेल. मळमळीच्या औषधांचा आठवडा द्यायचा राहिला असेल तर तो द्या. नाहीतर डॉक्टरांशी बोलून दिवस ठरवा, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी, तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे किंवा ते येत असतील तर घरीच. मध्यरात्री अनोळखी दवाखान्यात धावत जाण्याची पाळी येऊ देऊ नका. दिवस ठरला की किडनीचं पथ्य बंद, जे खावंसं वाटेल ते खाऊ दे. नंतर तिला कुठे न्यायचं हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, बिलही आधीच चुकतं करा, रडत रडत काउंटरवर उभं राहावं लागत नाही. आणि परतताना गाडी चालवायला तिसऱ्या कुणाला तरी सोबत घ्या.