गरोदरपणात हृदयाला लागून गाठ : तपासणी बाळंतपणानंतर केली तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा : वहिनींना सहावा महिना, बीपी मधूनच 200 च्या वर जाऊन आपोआप उतरतं, इकोत हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला लागून गाठ दिसली. डॉक्टरांना पॅरागँग्लिओमाची (बीपी चढवणारी रसायनं सोडणाऱ्या गाठीची) शंका आहे. पुढच्या तपासण्या बाळंतपणानंतर केल्या तर?

नको, आत्ताच करा. मी कुडाळला फिजिशियन आहे. गरोदर बाईचं बीपी वाढलं की प्रीएक्लॅम्पसियाच (गरोदरपणातला बीपीचा आजार) आठवतो, आणि बहुधा असतोही तोच. पण त्यात बीपी असं झटक्यानं चढत-उतरत नाही. अशी एक पेशंट मी पाहिली आहे. कुशीवर वळली आणि चेहरा पांढराफटक, गाऊन घामानं चिंब, बीपी 210/120. सिस्टर दुसरं मशीन घेऊन येईपर्यंत ते उतरायलाही लागलं होतं.

पॅरागँग्लिओमाची गाठ बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडते. ते ओळखायला त्यापासून शरीरात बनणारे मेटानेफ्रिन रक्तात किंवा 24 तासांच्या लघवीत तपासतात. रक्त घेण्याआधी वहिनींना थोडा वेळ शांत पडून राहू द्या. बीपीसाठी लॅबेटालॉल किंवा मिथाइलडोपा चालू असेल तर आधी सांगा, रिपोर्ट बिघडू शकतो. मनानं गोळी मात्र बंद करू नका. एमआरआय गरोदरपणात, डाय न देता, करता येतो.

सगळ्यात महत्त्वाचं : आधी रक्तवाहिन्या सैल करणारा अल्फा ब्लॉकर (डॉक्साझोसिन, प्राझोसिन), तो लागू पडल्यावरच गरज असेल तर हृदयाचे ठोके कमी करणारा बीटा ब्लॉकर. धडधडतंय म्हणून बीटाची गोळी सहज लिहिली जाते. पण अल्फाशिवाय ती दिली तर आखडलेल्या रक्तवाहिन्या आणखी आखडतात आणि बीपी भडकतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड टाळा. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलं जाणारं स्टेरॉइडसुद्धा बीपीचा असा झटका आणू शकतं, म्हणून ते देताना सगळी तयारी हवी. फाइलच्या पहिल्या पानावर हे लाल शाईनं लिहून घ्या.

या गाठीला रक्त बऱ्याचदा हृदयाच्याच धमन्यांतून मिळतं. ती काढायला सहसा हार्ट-लंग मशीन लागतं आणि त्यात बाळाला धोका असतो. म्हणून गोळ्यांनी बीपी आवाक्यात राहिलं तर आधी बाळंतपण, बहुधा सिझेरियन, मग गाठीचं ऑपरेशन.

आपल्याला बांबोळी (गोवा मेडिकल कॉलेज) जवळ, पण हृदयाचे सर्जन, भूलतज्ज्ञ, एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) एकाच ठिकाणी आहेत का ते आधी विचारा. मुंबईत केईएम हॉस्पिटलचा एंडोक्राइन विभाग अशा गाठी नेहमी पाहतो. पावसात घाट बंद पडतात, गाड्या रखडतात. कळा सुरू होईपर्यंत थांबू नका, सातव्या महिन्यातच मुक्काम हलवा.

ही गाठ घराण्यातून आलेली असू शकते, म्हणून पुढे एसडीएचबीसारख्या जनुकांची तपासणीही करून घ्या. दोष सापडला तर वहिनींच्या भावंडांनाही तपासावं लागेल.