रेडलाइनच्या आधीच वरचा गिअर का पडतो?

रेडलाइनच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याच्या कमाल सुरक्षित वेगाच्या, थोडं आधीच ऑटोमॅटिक गाडी वरचा गिअर टाकते म्हणून गिअरबॉक्स बिघडलाय असं समजू नकोस. शिफ्टचा आदेश सुटल्यापासून गिअर प्रत्यक्ष पडेपर्यंत इंजिनाचा वेग चढतच असतो, पहिल्या गिअरमध्ये तर झपाट्याने. संगणक तेवढी जागा राखून ठेवतो. नाहीतर लिमिटर, म्हणजे इंजिनाला रेडलाइनपलीकडे जाऊ न देणारा बंदोबस्त, इंधन तोडतो आणि गाडी अडखळते.

खरं बघायचं ते हे, की शिफ्टनंतर इंजिनाचा वेग कुठे उतरतो. समज, दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.० आणि तिसऱ्याचं १.५ आहे. ७००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) बदललंस तर पाऊणपट, म्हणजे ५२५० वर येशील. सर्वाधिक पॉवर ६५०० ला असेल आणि तिथेच बदललंस, तर थेट ४८७५, म्हणजे त्या ताकदीपासून आणखी लांब. म्हणून पॉवरचं शिखर ओलांडून बदलायचं. जादा हवा कोंबणाऱ्या बऱ्याच टर्बो इंजिनांची ताकद वर लवकर ओसरते, तिथे थोडं आधी बदललेलं बरं.

साखरप्याहून आंबा घाट चढताना मॅन्युअल मोड लाव, म्हणजे ऐन वळणात गिअर बदलणार नाही. काही गाड्या त्या मोडमध्येही रेडलाइनला आपणहून शिफ्ट करतात, तेव्हा आधी गाडीचं माहितीपुस्तक वाच. इंजिन ऑइल गरम होईपर्यंत रेडलाइनचं नाव काढू नकोस. आणि पूर्ण खेचायची हौस ट्रॅकवरच भागव रे, कोकणातल्या पावसाळी रस्त्यावर अजिबात नको.