खत आहे, पण मुळीला दम नाही

प्रश्न : निफाड तालुक्यात काळ्या जमिनीत द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीनंतरच्या (फळांसाठी करतात त्या छाटणीनंतरच्या) पावसात चार दिवस पाणी साचलं. पानं पिवळी पडली म्हणून ड्रिपमधून दोनदा खत सोडलं, तरी फरक नाही. जमिनीत खत असून वेल घेत का नाही?

उत्तर : पाण्याबरोबर खतही आपोआप वर चढतं, हा समज अर्धाच खरा. मुळीच्या पेशीची आतली बाजू ऋणभारित असते आणि नायट्रेटही ऋणभारितच. त्याला आत घेणं म्हणजे चढावर ओझं नेणं, आणि त्याला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळावा लागतो. पेशीपटलातला प्रोटॉन पंप एका एटीपीमागे एक हायड्रोजन आयन बाहेर फेकतो. हे आयन वाहक प्रथिनातून परत आत शिरताना नायट्रेटला सोबत ओढून आणतात. एका नायट्रेटमागे साधारण दोन. पंप थांबला की ही वाट बंद.

तुमच्याकडे मुळीतला हा पंप थांबला तो ऑक्सिजनअभावी. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट हळू पसरतो. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूतून 30 च्या आसपास एटीपी मिळतात, नसेल तर अवघे 2. शिवाय साचलेल्या पाण्यात जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात, म्हणजे सोडलेल्या खतातलं काही उडूनही गेलं. तिसरा हप्ता नकोच.

आधी चर काढून पाणी बाहेर काढा. सहा इंच खालची माती मुठीत दाबून गोळा खाली टाका. फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हवा खेळती झाली. मग बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा) हलकासा मोकळा करून मुळी बघा. पांढरी असेल तर ड्रिपने थोडं थोडं खत सुरू करा. तपकिरी, कुजकट वासाची असेल तर नवी पांढरी मुळी दिसेपर्यंत थांबा. तोवर जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम युरिया, संध्याकाळी, आधी दोन-चार वेलींवर फवारून बघून. कोवळी पानं पिवळी नि शिरा हिरव्या असतील तर मात्र लोहाची कमतरता समजा; तिथे युरिया उपयोगाचा नाही.

प्रश्न : जुलाबात ओआरएस देतात, त्यात साखर कशाला? (पंचवटी)

उत्तर : चवीसाठी नव्हे. आतड्यातलं एक वाहक प्रथिन दोन सोडियम आयन आणि एक ग्लुकोज असे एकत्रच आत घेतं. मागोमाग पाणी येतं. पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप एका एटीपीवर 3 सोडियम बाहेर काढून 2 पोटॅशियम आत घेतो, म्हणून आत जागा राहते. 1 लिटरच्या पाकिटात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं. वरून साखर घालू नका. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.