जिवाणू मारणारं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) पेशीत औषध पोचवायला वापरलं तर आपली पेशी मरणार नाही का?

मरू शकते. मी स्वतः मारल्यात. नाशिकला एम फार्म करताना मेलिटिन, म्हणजे मधमाशीच्या विषातलं 26 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, सलाइनने धुतलेल्या लाल रक्तपेशींवर टाकून 37 डिग्रीला तासभर ठेवलं होतं. पेशी शाबूत असतील तर सेंट्रिफ्यूज केल्यावर, म्हणजे यंत्रात गरागरा फिरवल्यावर, तळाला लाल गोळी बसते आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं, माझ्या ट्यूबा वरपासून खालपर्यंत लालभडक. सर म्हणाले, कोकम सरबत केलंस की रे.

आता तुमचा प्रश्न. या पेप्टाइडांवर धन भार असतो, जिवाणूच्या पडद्यावर ऋण, म्हणून ती तिकडे जाऊन चिकटतात. आपल्या पेशीची बाहेरची बाजू जवळपास न्यूट्रल, शिवाय कोलेस्टेरॉलने पडदा जरा घट्ट, त्यामुळे आपण बऱ्यापैकी वाचतो. पण हा फरक उन्नीस-बीसचा आहे, डोस वाढवला की आपल्यालाही चावतात, आणि मेलिटिन तर मुळातच कुणाचं ऐकत नाही.

आमच्याकडे बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात बघा, सालीवरचं मेण सैल होतं, पाणी निघून जातं पण साल फाटत नाही. औषध पोचवायला तसंच काम हवं, फक्त उलट्या दिशेने.

आणि असं पेप्टाइड आहे! बुफोरिन-2, आशियातल्या एका भेकाकडून (खरबरीत कातडीचा बेडूक) मिळालेलं, 21 अमिनो आम्लं. ते जिवाणूचा पडदा न फोडता सरळ आत जातं आणि डीएनए-आरएनएला चिकटून त्याला मारतं. गंमत अशी की त्यात 11व्या जागेवर एक प्रोलीन आहे, त्याच्यामुळे साखळीला मधेच बाक येतो, तो प्रोलीन बदलला की पेप्टाइड आत जायचं सोडून पडद्यातच अडकतं आणि भोकं पाडायला लागतं. एका अमिनो आम्लात हमालाचा दरोडेखोर!

पण खरं दुखणं पुढे आहे. औषध जोडलेलं पेप्टाइड पेशी बऱ्याचदा एंडोसोम नावाच्या पिशवीत घालून गिळते आणि माल त्या पिशवीतच सडतो, आत पोचला म्हणून फ्लुरोसन्सचे (चमकणारा रंग लावून काढलेले) फोटो सुंदर येतात आणि औषधाचा परिणाम शून्य, या फोटोंवर मी तरी फार विश्वास ठेवत नाही. इथे पेप्टाइडची पडदा फोडायची जुनी खोड कामाला येते. त्यात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरलं (एलएएच-4 हे असंच एक पेप्टाइड), की बाहेर ते बरंचसं गप्प राहतं, पिशवीतल्या आम्लात हिस्टिडिनवर धन भार येतो आणि मग ते पिशवी फोडतं. म्हणजे मारायची ताकद काढून टाकायची नाही, फक्त त्या पिशवीपुरती जागी करायची.

सोपं वाटतं पण नाहीये. मेलिटिनसारखंच पेप्टाइड झाकून यकृतात आरएनए पोचवणारं एआरसी-520 हे हिपॅटायटिस बीचं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं होतं, माकडांवरच्या अभ्यासात मृत्यू झाले आणि 2016 मध्ये ते बंद केलं. गोळी करून तोंडाने द्यायचं तर विसराच, आतड्यातलं ट्रिप्सिन हे पाचक एन्झाइम नेमकं लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशीच कापतं आणि यांच्यात तेच ठासून भरलेले.

प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर बुफोरिनपासून सुरू करा, मेलिटिन फक्त कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेपुरतं, ठेवा, आणि औषध जोडायच्या आधी नुसत्या पेप्टाइडची रक्तपेशींवर टेस्ट करून घ्या, मी ती शेवटी केली म्हणून एक अख्खं सेमिस्टर गेलं.