आठवतं म्हणजे घडलंच असेल का?

"मॅडम, एकतर हे खरं आहे, नाहीतर मला वेड लागलंय. तिसरं काही असू शकतं का?"

व्हिडिओ कॉलवर मधुराने पहिल्याच भेटीत हे विचारलं. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणाला मागचा जन्म दिसलेला असतो, कुणाला खोलीत उभी असलेली बाई. मधुराला परग्रहवासी उचलून घेऊन गेले होते.

लग्नानंतर ती अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला गेली. भारतातल्या टीमबरोबर रात्री उशिरापर्यंत कॉल, त्यामुळे झोपेचा पार बोजवारा उडालेला. एका पहाटे डोळे उघडले, पण हातपाय हलेनात. कानात घूं-घूं आवाज, छातीवर दाब आणि कपाटापाशी कुणीतरी उभं. असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं. साताऱ्याहून आई म्हणाली, "बाहेरचं काही असेल, नारळ फोड." नवऱ्याने अशा दाव्यांना पुरावा मागणाऱ्या संशयवाद्यांचे लेख पाठवले. शेवटी ओळखीतून ती एका हिप्नोथेरपिस्टकडे, म्हणजे संमोहनाने (हिप्नोसिसने) उपचार करणाऱ्याकडे गेली आणि तिथे टेबल, सुई, मोठे काळे डोळे असं सगळं "आठवलं".

मी तिला वहीचं एक पान उभं दुमडायला सांगितलं. डावीकडे हिप्नोसिसच्या आधी जे माहीत होतं ते, उजवीकडे नंतर आलेलं. डावीकडे पाच ओळी झाल्या. उजवी बाजू भरून पान उलटावं लागलं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

डावीकडच्या ओळींना नाव आहे, स्लीप पॅरालिसिस. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू शिथिल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात धावता धावता खरोखरच उठून धावलो असतो. कधी जाग आधी येते आणि शिथिलता मागे रेंगाळते. डोळे उघडे आणि स्वप्नही चालूच. खोलीत कुणीतरी आहे ही भावना यात नेहमीची. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लोक छातीवर बसणाऱ्या म्हातारीबद्दल सांगतात, आपल्याकडे भुताबद्दल. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येणारे साधारण शंभरात सात-आठ जण असतात.

उजव्या बाजूसाठी मी तिला तिच्याच राज्यातली गोष्ट सांगितली. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं न्यू हॅम्पशायरमधून रात्री गाडीने घरी जात होतं. आकाशात एक प्रकाश पाठलाग करतोय असं त्यांना वाटलं. नंतर बेटींना अपहरणाची स्वप्नं पडू लागली. १९६४ मध्ये बॉस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांना वेगवेगळं संमोहित केलं, तेव्हा अपहरणाची सविस्तर हकीकत बाहेर आली. बार्नी रडले, किंचाळले. तरीही ती सत्रं ज्यांनी घेतली त्या सायमन यांचं मत असं पडलं की अपहरण झालेलं नाही. बेटींची स्वप्नं बार्नींनी ऐकली होती आणि ती त्यांच्या आठवणीत उतरली. दोघं खोटं बोलत नाहीत, हेही ते मानत होते.

मधुराला हवं होतं ते तिसरं हेच. संमोहनात आठवणींची संख्या वाढते, त्यांच्याबद्दलची खात्री त्याहून वाढते, पण खरेपणा वाढतोच असं नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची न घडलेली गोष्ट प्रयोगातल्या लोकांना घरच्यांच्या हवाल्याने सांगितली, तर सुमारे चौथ्या हिश्श्याला ती पूर्ण किंवा अर्धवट "आठवली". ती माणसं साधी, शहाणी होती.

संशयवाद्यांचे मुद्दे मला पटतात आणि मी ते मधुरापासून लपवले नाहीत. पण "असं काही झालंच नाही" हे वाक्य ज्याच्या कानावर पडतं, त्याला "तू खोटारडी आहेस" असंच ऐकू येतं. हार्वर्डच्या रिचर्ड मॅकनॅली यांनी अपहरणाच्या आठवणी सांगणाऱ्या १० जणांना त्यांच्याच हकीकतीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या हृदयाची गती आणि त्वचेचा घाम, खऱ्या आघातातून गेलेल्या रुग्णांसारखाच वाढलेला दिसला. यातून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत. भीती मात्र पूर्ण खरी असते, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. अशा माणसाला हसणं हा अन्याय आहे.

"खात्री करायला आणखी एक हिप्नोसिस करू का?" तिने विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. आधी डॉक्टरांना दाखवायला लावलं. दिवसा अनावर झोप येणं, फिट येणं, जागेपणी आवाज ऐकू येणं, यातलं काही असेल तर समुपदेशन पुरत नाही. तिला तसं काही नव्हतं. मग झोपेची वेळ ठरवली, रात्रीचे कॉल कमी केले, उताणं झोपणं टाळलं. स्लीप पॅरालिसिसचा झटका आलाच तर धडपडायचं नाही, श्वास सावकाश ठेवून फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा. झटके विरळ झाले. टेबल आणि सुई तिला अजूनही आठवते, पण आता ती रात्री दिवा बंद करून झोपू शकते.

एका सत्राला नवऱ्यालाही बोलावलं. त्याचे मुद्दे बरोबर होते, वेळ चुकत होती. पहाटे तीनला घाबरलेल्या बायकोला तो पुरावे विचारायचा. "मग मी नेमकं करू काय?" त्याने मनापासून विचारलं. मी म्हटलं, तिचा श्वास बदललेला जाणवला की खांद्याला हात लाव, नावाने हाक मार, दिवा लाव. वाद घालायचाच असेल तर सकाळी चहा झाल्यावर घाला.